मफलरसाठी बिनगव्हाची बिस्किटं

६ जानेवारी, मंगळवार

धाकटे,

सगळ्यांत आधी येऊन बसली होती ती शिंपीण. मला वाटलं होतं आपणच पहिल्या. बाहेर धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. पण दार ढकलून आत जाते तर ही बाकाच्या टोकाला, मांडीवर तिची म्हातारी कुत्री. कुत्रीच्या अंगात निळा स्वेटर, आणि तो बगलेत उसवलेला. शिंपिणीच्या घरचा स्वेटर उसवलेला.  नुसतं बघितलं, आणि मी बघितलं हे तिने बघितलं.

तिच्या मागोमाग आमचा पोस्टमन आला. त्याच्या हातात दोरी आणि दोरीला एक पिवळा कुत्रा, इतका लांब की डोकं आत पोचलं तरी शेपूट बाहेर धुक्यातच. आणि मग आम्ही, म्हणजे मी आणि मफलर. मफलर आमचा कुत्रा. अंगाने काळा, गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून नातीने ते नाव ठेवलं. हो, मला नात आहे. सहा वर्षांची. तुला कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे.

तर हा कुत्र्यांचा डॉक्टर मंगळवारी फक्त खाज सुटलेले कुत्रे बघतो. खोली एवढीशी, काचांवर वाफ धरलेली, आणि तिन्ही कुत्रे एका ताला-सुरात खाजवतायत. शिंपीण म्हणाली, माझ्या दुकानात मशिनं चालतात तसंच वाटतंय. मला तर डुलकीच लागायला आली. धुक्यात असं होतं बघ, आपण कुठे बसलोय ते कळेनासं होतं. मला वाटलं आपण दोघी लहानपणी आईच्या मशिनपाशी बसायचो तिथेच बसलेय.

मफलरची दशा बघवत नाही. पोटाखालचे केस गेले, पंजे चाटून चाटून लाल. डॉक्टर म्हणाला, याला गहू सोसत नाही. मी हसलेच. म्हटलं, माणसांची फॅडं कुत्र्यांना कधीपासून लागली? तो हसला नाही. पोरसवदा आहे, पण हळू बोलतो आणि मग थांबतो, म्हणजे आपल्याला ऐकावंच लागतं. शिंपिणीच्या कुत्रीलाही तेच, पिवळ्यालाही तेच. गहू बंद, पाव बंद, दुकानातली बिस्किटं बंद. भात, भोपळा, रताळं, अंडं चालेल. सहा आठवडे कणभरही गहू पोटात जायला नको. एवढं करून उतार पडला नाही तर जन्मभर इंजेक्शनं.

मग त्याने विचारलं, “आजी, जेवणाशिवाय आणखी काही देता का याला?”

मी म्हटलं, “नाही.”

घरी येईपर्यंत कान गरम होते माझे. सूनबाईने डॉक्टरचा तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला, चारी कोपऱ्यांना टेप लावून. मला तिथे उभं राहवेना. तूही एकदा माझ्या कपाटावर असाच कागद चिकटवून गेली होतीस. तुझी बारकी सहा वर्षांची होती तेव्हा. तू आठ दिवस कामाला बाहेरगावी जाणार होतीस आणि तिला माझ्याकडे ठेवलं होतंस.

बारा वर्षांनी पत्र लिहितेय ते ह्या कागदामुळे, असं काही नाही. म्हणजे ह्या कागदामुळेच आहे. पण आज इतकंच. पत्ता तोच असेल असं धरून टाकतेय.

ताई


१९ जानेवारी, सोमवार

धाकटे,

पहिलं पत्र दिलं तेव्हा पोस्टमन पत्ता वाचून म्हणाला, आजी, बसने दोन तासांचं गाव, सरळ जाऊनच या की. मी म्हटलं, तू तुझा शिक्का मार. तोंडभर हसला. बरा माणूस आहे, नाक फार मोठं आहे एवढंच.

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतेच. गुरुवारी तो आला तेव्हा मी फक्त त्याच्या पिशवीकडे बघितलं.

आता खरं सांगते. जेवणाशिवाय मी मफलरला काही देत नव्हते हे खोटं. पहाटे घर झोपलेलं असतं. मी चहा ठेवते, आणि हा येऊन माझ्या पावलांवर बसतो. शेजारी नाही, पावलांवर. त्याची ऊब वर गुडघ्यांपर्यंत येते आणि मला पुन्हा झोप यायला लागते. एक बिस्किट चहात बुडवायचं, अर्धं माझं, अर्धं त्याचं. दोन वर्षं. कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरकडून आले त्या दिवसापासून बंद केलं. तो बसला, वाट बघितली, आणि असा सुस्कारा टाकला की मला माझं अर्धंही गिळेना. तिसऱ्या दिवसापासून मीही कोरा, बिस्किटाशिवाय चहा पिते.

मग म्हटलं, याच्यासाठी आपणच काहीतरी करू. शाळा चौथीपर्यंतचीच झाली असेल, पण भट्टीपुढे मला कुणी शिकवायला नको. लाल भोपळा उकडायचा, पाणी पार निथळू द्यायचं, नाहीतर नंतर रडायची वेळ येते. घोटून त्यात एक अंडं. मग तांदळाचं पीठ, पाहिजे तेवढं, किती ते हाताला कळतं. मीठ नाही, साखर नाही. गोळा घट्ट झाला की लाटायचा आणि कापायचा. गव्हासारखा तो चिकटून राहत नाही, कडेने फाटतो, समजूत घालत लाटावा लागतो. कापायला औषधाच्या बाटलीचं झाकण. शिंपिणीच्या कुत्रीला तीनच दात उरलेत, तिच्यासाठी शिंपिणीने स्वतःचं अंगुस्तान आणून दिलं, ते बोटात घालतात ना शिवताना, टोपीसारखं. त्याने कापलं की वाटाण्याएवढी बिस्किटं होतात. ट्रेवर पसरली की आभाळात चांदण्या दिसाव्यात तशी दिसतात. सूनबाई म्हणते, आई, चांदण्या नंतर बघा, आधी ओव्हनचं बटण सरळ फिरवा.

परवा दुपारी बिस्किटं भट्टीत टाकून मी खुर्चीत टेकले. भोपळ्याचा गोडूस वास घरभर. डोळा लागला असेल. स्वप्नात धुक्यातून कुत्रे येत होते, एकामागून एक, पावलांचा आवाज नाही, कुणी खाजवत नाही. त्यांच्या मधोमध एक मुलगी चालली होती, पिवळ्याच्या पाठीवर हात ठेवून. मी हाक मारली. ती वळली नाही. मग भट्टीची घंटा वाजली आणि कळलं की कडेची चार करपली.

आता दर गुरुवारी सकाळी शिंपीण आणि पोस्टमन येतात, मागच्या दाराने, आपापल्या कुत्र्यांना घेऊन. दहा मिनिटं बसते म्हणते शिंपीण आणि तासभर बसते. तिच्या नणंदेचं लग्न मोडलं त्याची हकिकत मला आता पाठ झाली आहे. मी पाटी-पेन्सिल सोडल्यापासून कुणाला माझ्याकडे असं वेळेवर येऊन बसताना बघितलं नव्हतं. मजा वाटते ग. साठीनंतर माझं दुकान लागलं, आणि गिऱ्हाईकं शेपट्या हलवतात.

फक्त एक आहे. खाज कमी होत नाही. कुणाचीच.

ताई


७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

हे पत्र चार वेळा सुरू केलं. आता सरळच लिहिते.

सोमवारी सूनबाईला सर्दी म्हणून ती घरी होती. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर शाल पांघरून चहा घेत बसली होती आणि मी तिला शिंपिणीच्या नणंदेचं सांगत होते. हात चालूच होते. मध्येच ती म्हणाली, “आई, हे काय टाकलंत?”

मी म्हटलं, कुठे काय टाकलं?

“आत्ता. पोळपाटावर.”

मी खाली बघितलं. पोळपाटावर पांढरी पिठी भुरभुरलेली. आणि माझा डावा हात गव्हाच्या पिठाच्या डब्यातून नुकताच बाहेर आलेला, चिमूट अजून मिटलेली.

तुला आठवत असेल, आपल्या आईचाही डबा पोळपाटाच्या डाव्या अंगाला असायचा. गोळा ठेवण्याआधी डावा हात डब्यात जाणार, चिमूटभर पिठी घेणार, पाटावर भिरकावणार, म्हणजे चिकटत नाही. तिने मला शिकवलंही नव्हतं. बघून बघून हाताने उचललं. पन्नास वर्षं हा हात असाच जातो. मी त्याला पाठवत नाही, तो जातो. मी तांदळाचं पीठ चाळते, भोपळा निथळते, मीठ नको, साखर नको, आणि शेवटी गव्हात घोळवून देते. तीन आठवडे. तिन्ही कुत्र्यांना.

पिवळ्याचा कान पुन्हा रक्ताळलेला. शिंपीण आदल्याच गुरुवारी म्हणाली होती, आता वयच झालंय हिचं, किती दिवस ताणायचं. तेव्हा मी तिच्या हातात आणखी एक पुडी दिली होती.

सूनबाई चांगली आहे. माझा चेहरा बघून म्हणाली, आई, मुद्दाम केलंत का? डबा हलवू आपण. आणि कुणाला सांगायची काही गरज नाही, पुढचे सहा आठवडे नीट करू, कुणाला कळायचंही नाही.

तिचं बोलणं फार गोड लागलं मला. खुर्चीत बसले आणि तेच बोलणं पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहिले. बाहेर धुकं होतंच. मला वाटलं, धुकं आहे तोवर काही करायला नको. मफलर आला आणि पावलांवर बसला. पायाशी बसूनच पोट खाजवायला लागला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी गेले. तिघेही तिथे होते, डॉक्टर, शिंपीण, पोस्टमन. म्हटलं, सगळ्यांसमोरच होऊ दे.

“गहू मीच घातलाय,” मी म्हटलं. “लाटताना पिठी लावली. तिघांनाही गेलाय. आणि पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले. मी ह्याला रोज बिस्किट देत होते.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मग वहीतली तारीख खोडून पुढची घातली. म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून मोजू. इतकंच. पोस्टमन पिवळ्याच्या कानावरून हात फिरवत राहिला. शिंपिणीने कुत्रीला उचलून छातीशी धरलं.  मग ती कुत्रीला म्हणाली, “म्हणजे वय नाही ग झालं तुझं.” आणि मला म्हणाली, गुरुवारी येऊ ना नेहमीसारखं?

मी रडले तिथे. तिन्ही कुत्र्यांनी खाजवणं थांबवून बघितलं.

आता तुझं.

बारकीला गहू द्यायचा नाही असा कागद तू लावून गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बारकीला दुधात पाव कुस्करून दिला. मला वाटलं, काडीसारखी पोर, कागदं बघून कुणाचं पोट भरतं का. हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते लिहिते. तिने मला विचारलं होतं. वाटी हातात धरून, वर बघून, “मावशी, यात गहू आहे का?” मी म्हटलं, नाही ग राणी, खा. तिने माझ्यावर विश्वास ठेवून खाल्लं. पोटात दुखायला लागल्यावरही ती मला म्हणाली नाही की तू दिलंस. तिला खरंच वाटत होतं की आपण दुसरंच काहीतरी खाल्लं.

मग तू धावत आलीस, दवाखान्यात सगळ्यांसमोर विचारलंस, ताई, तू हिला काही दिलंस का? आणि मी म्हटलं, नाही. म्हणून ते आणखी आठ दिवस दुसरंच काहीतरी शोधत राहिले. तिच्या एवढ्याशा हाताला रोज सुया. मी बाहेर बाकावर बसून होते. रोज उठायचे सांगायला आणि पाणी पिऊन परत बसायचे.

शेवटी उरलेला पाव तुलाच माझ्या डब्यात सापडला आणि तू बोलणं तोडून गेलीस, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, एवढ्याशा पावावरून बहीण तोडली हिने. बारा वर्षं तसंच सांगत आले. पावावरून नाही तोडलीस तू. मला ठाऊक होतं.

ते हाताने नव्हतं केलं. ते मी केलं होतं.

ताई


२० फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

काल गुरुवार. पोस्टमन आला तो पुढच्या दाराने, टोपी घालून, पिवळ्याशिवाय. मी म्हटलं, हे काय, आज सरकारी काम? तर त्याने एक कार्ड पुढे केलं आणि उगाच कुंड्यांकडे बघत उभा राहिला. कार्ड उघडंच असतं, त्याने वाचलं होतंच.

वर नाव नाही, खाली नाव नाही. चार ओळी:

“पोळपाट बदला. लाकडाच्या भेगांत पीठ राहतं. लाटणं आणि चाळणीसुद्धा बदला. कितीही धुतलं तरी जात नाही.”

अक्षर तुझं नाही. तुझी अक्षरं मागे झुकतात, जणू कुणीतरी त्यांना हाक मारलीय. ही सरळ उभी आहेत. आणि असलं कुणाला माहीत असणार? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेल्यावर जी आधी पोळपाट बघते तिलाच.

मला ‘तुम्ही’ केलंय तिने. लहानपणी तर खांद्यावर चढून केस ओढायची. करू दे. अठरा वर्षांची झाली, ‘तुम्ही’ म्हणणारच.

पोळपाट आईचा. तू मागितला होतास आणि मी दिला नव्हता, मोठी म्हणून माझा. खिडकीत उजेडाला धरला तर खरंच, भेगाभेगांत पांढरं बसलेलं, केसाएवढं बारीक. त्यात आईच्या हातचंही पीठ असेल, मी असा विचार करत बसले. म्हणजे आई अजून थोडी इथे आहे, पाटात. मग मफलर आला आणि मी उठले. पाट बाल्कनीत नेला, जास्वंदीच्या कुंडीखाली ठेवला. बाजारातून स्टीलचा आणला. थंडगार आहे मेला, गोळा त्यावर पळतो आणि लाटताना असा वाजतो की शेजारीण विचारायला आली, घंटा कसली वाजते. नवं लाटणं, नवी चाळणी. तांदळाच्या पिठाचा डबा डाव्या हाताला. गव्हाचा डबा बाहेरच्या कपाटात, वरच्या फळीवर, मला स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा. डावा हात अजून दिवसातून दोनदा तिकडे वळतो. मी बघते, मग तो परत येतो.

मंगळवारी डॉक्टरला पोळपाटाचं सांगणार आहे. दुसऱ्यांदा तारीख खोडेल. खोडू दे.

कार्ड मी कपाटाला चिकटवलंय, डॉक्टरच्या कागदाशेजारी.

ताई


८ एप्रिल, बुधवार

धाकटे,

मखमल आली आहे मखमल. मफलरच्या पोटाला. आधी सावलीसारखी दिसली, मला वाटलं माझ्या चष्म्याचा डाग, म्हणून पुसला आणि परत बघितलं. पिवळ्याचा कान कोरडा. शिंपिणीच्या कुत्रीने काल डॉक्टरकडे स्वेटर काढायला नकार दिला नाही, कारण आत आता दाखवण्यासारखं काहीतरी आहे. आणि बगल शिवलेली होती. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिने बघितलं, आणि ह्या वेळी दोघी हसलो.

डॉक्टर म्हणाला, इंजेक्शनं नकोत. मग म्हणाला, आजी, ही बिस्किटं माझ्या दुसऱ्या मंगळवारवाल्यांना द्याल का? मी म्हटलं विचार करते. काय विचार करणार, येताना तीन भोपळे घेऊन आले.

काल खोलीत एकही कुत्रा खाजवत नव्हता. तुला सांगते, शांततेचाही आवाज असतो. उन्हाचा पट्टा फरशीवर, त्यात तिघे आडवे, पिवळा तर इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. पोस्टमन झोपला. मीही.

आणि घरी आले तर दारात दुसरं कार्ड. तेच सरळ अक्षर.

“मी आणि आई १९ तारखेला येतो. रविवार आहे. खायला काही करू नका.”

आणि आई. मी ते बोट ठेवून ठेवून वाचलं.

नाही करणार. काहीही नाही करणार. माझा मुलगा हसतोय, म्हणतो आई, तू आणि काही न करता बसणार, तिकीट लावून दाखवण्यासारखं आहे हे. पण बघशील तू. पाणी ठेवीन. पाणी तर चालेल ना.

ताई


१९ एप्रिल, रविवार, संध्याकाळ

धाकटे,

तू इथेच होतीस, तुला काय लिहायचं, असं सूनबाई म्हणतेय. तुमची बस वळणाच्या पुढेही गेली नसेल. पण समोर माझ्या तोंडून निघालं काय, तर बस कशी मिळाली आणि ऊन किती आहे. म्हणून लिहिते. कागदावर मला बरं बोलता येतं, हे मला ह्या वर्षी कळलं.

तू केस पांढरे ठेवलेस. चांगले दिसतात. दारात मी तुला मिठी मारणार होते, पण तू पिशवी छातीशी धरली होतीस, म्हणून पिशवीलाच धरलं.

तू खुर्चीच्या टोकावर बसलीस आणि दोन मिनिटांत उठलीस. मला वाटलं निघालीस. तर सरळ स्वयंपाकघरात. डबे उघडलेस, वास घेतलास, पोळपाटावर नख फिरवून बघितलंस. विचारलंस, गव्हाचा डबा कुठे आहे? मी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तू स्टूल घेऊन चढून बघितलंस. माझी सून तोंडावर हात ठेवून उभी. मला मात्र बरं वाटत होतं ग. वाटलं, बघ, सगळं बघ, भिंतीसुद्धा खरवडून बघ.

मग तू बाल्कनीत गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. मी पडद्याआडून बघितलं, हे तुला आता सांगते. तू जास्वंदीची कुंडी बाजूला केलीस. आईच्या पाटावर पाण्याचं गोल वळं पडलं होतं, ते तळव्याने पुसत होतीस. मी आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ताई, ओल लागतेय याला.”

ताई म्हणालीस. बाकीचं मला ऐकूच आलं नाही. मग तू तो उन्हात भिंतीला टेकवून ठेवलास. अजून तिथेच आहे. ऊन उतरलं तरी मी हलवला नाही.

आणि बारकी. आता काय बारकी म्हणायचं, माझ्या डोक्यावरून बघते. मफलरने तिला एकदा हुंगलं आणि जाऊन तिच्या पावलांवर बसला. माझ्या सोडून कुणाच्या पावलांवर तो बसत नाही. तिने खाली वाकून त्याचं पोट बघितलं, नवे केस उलट-सुलट करून, डॉक्टरने बघावं तसं. म्हणाली, गहू गेला की माझ्याही हाताला असंच व्हायचं.

मग तिने टेबलावरचा डबा ओढला. बिस्किटांचा, कुत्र्यांच्या. झाकण उघडलं. मी म्हणणार होते की ती मफलरची आहेत. तेवढ्यात तिने एक उचललं, वर बघितलं आणि विचारलं,

“मावशी, यात गहू आहे का?”

तू दारात होतीस. तू श्वास धरलास, मला ऐकू आला.

 पण ह्या वेळी मला उत्तर पाठ होतं. मी म्हटलं, “नाही. तांदळाचं पीठ, भोपळा, एक अंडं. वर लावायला तांदळाचीच पिठी. पाट स्टीलचा, लाटणं नवं, चाळणी नवी. ट्रे नवा. डावा हात दोनदा चुकला, पण पोचला नाही.”

मग मी म्हटलं, “पण तुझं मन नसेल तर ठेव. मी काही वाईट वाटून घेणार नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली, सहा वर्षांची असताना बघायची तशी, डोळे न मिटता. मला वाटलं आता स्वप्नातल्यासारखी ही वळून निघून जाईल धुक्यात. पण धुकं कधीचंच गेलेलं. खिडकीतून लखलखीत ऊन येत होतं आणि मफलर तिच्या हातातल्या बिस्किटाकडे टक लावून होता.

तिने ते तोंडात टाकलं.

 कुरकुर आवाज आला, चावण्याचा. मग ती म्हणाली, “यात मीठ नाही.”

मी म्हटलं, कुत्र्यांना मीठ नको असतं.

“मला हवं असतं.”

आणि तू हसलीस. धाकटे, तू लहानपणी हसायचीस तशी, आधी नाकातून. मग मी, मग सूनबाई. मफलर भुंकला, कारण त्याचं बिस्किट गेलं होतं आणि वर सगळे हसत होते.

मग आपण बसलो. तू घड्याळ बघत होतीस, मला कळत होतं. मीही बघत होते. एक तास. तिच्या हाताकडे बघायचं, पोटाकडे बघायचं, आणि मध्येच बसचं बोलायचं. दोन तास. तिला काही झालं नाही. तिसरं बिस्किट घेतलं तिने, मग चौथं, मफलरशी अर्धं-अर्धं करत. अर्धं तिचं, अर्धं त्याचं. मी चहा प्यायले, कोरा, आणि मला वाटलं पहाट आहे.

तू माफ केलंस असं म्हणाली नाहीस. मी वाट बघत नव्हते असं नाही लिहिणार. बघत होते. पण जाताना दारात चप्पल घालायला वाकलीस, तोल गेला आणि माझा खांदा धरलास. चप्पल पायात गेल्यावरही थोडा वेळ धरलेला होतास.

मग तू म्हणालीस, पुढच्या वेळी सकाळच्या बसने येऊ, म्हणजे घाई नको. बारकी म्हणाली, आणि मीठ घाल, मावशी. घाल म्हणाली, घाला नाही.

कॅलेंडरला मी लाल गोल केलाय. नातीने त्यात एक कुत्रा काढलाय, लांबच लांब, त्याची शेपूट पुढच्या चौकोनात गेली आहे. तरी तारीख नीट दिसते.

दोन मे, शनिवार. सकाळची बस.

ताई